तालीम कोणाची?

‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ शिक्षण असा होता. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात ‘नयी तालीम’ची मांडणी केली, तेव्हाही हाच मूळ अर्थ त्यांना अभिप्रेत होता. मराठीत मात्र या शब्दाने दोन वेगळी घरे केली. एक लाल मातीच्या आखाड्याचे, दुसरे नाटकाच्या सरावाचे. पहिलवान तालमीत घुमतो आणि नटही तालमीत घाम गाळतो. शब्दामागचे शिक्षण दोघांच्याही ध्यानीमनी नसते, पण ते घडत असते. कोल्हापुराने या शब्दाला तिसरे घर दिले. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे परगावच्या माणसाने वाचली, तर त्याच्या डोळ्यांसमोर कुस्तीचा फड उभा राहील. आज मात्र ही नावे गाजतात ती फुटबॉलसाठी.

या शब्दाचे तिन्ही अर्थ कोल्हापुरात जवळजवळ एकाच परिसरात नांदतात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबागेचे कुस्ती मैदान, त्याला पाठ लावून उभे असलेले आणि १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झालेले केशवराव भोसले नाट्यगृह, आणि तेथून फार दूर नसलेले शाहू स्टेडियम. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, हे नाट्यगृह आगीत होरपळले तेव्हा घरचे कोणी गेल्यासारखी माणसे तेथे जमली. इमारत महापालिकेची होती. शोक मात्र साऱ्या शहराने केला. एखादी गोष्ट कागदोपत्री एकाची असते आणि मनाने अनेकांची असते. या दोन मालकींमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे, आणि तो आम्ही कोल्हापूरच्या फुटबॉलच्या निमित्ताने मांडू इच्छितो.

मराठीच्या अध्यापकांनी फुटबॉलवर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. या खेळातील आमचा अधिकार बेताचाच आहे. ऑफसाइडचा नियम आजही विद्यार्थीच आम्हाला समजावून सांगतात. पण सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्वतंत्र होईपर्यंत आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, आणि आमच्यापैकी काहींचे एम.ए.चे शिक्षण कोल्हापुरातच झाले. त्या दिवसांत एका मित्राने आग्रहाने शाहू स्टेडियमवर नेले. शेजारी बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी गाव विचारले. सोलापूर म्हटल्यावर त्यांनी लगेच पुढचा प्रश्न केला, “मग तुमची टीम कुठली?” आमची कुठलीच टीम नाही, हे उत्तर ऐकून त्यांना आमची खरोखरच कीव आली असावी. “मग आजच्या दिवस आमचीच धरा की,” असे म्हणून त्यांनी शेंगांची पुडी पुढे केली. तो प्रश्न आम्ही तेव्हा हसण्यावारी नेला. आज पंचवीस वर्षांनी तो तितकासा हसण्याजोगा वाटत नाही.

ज्यांना कोल्हापूरचा हा व्यवहार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘केएसए’, ही स्वातंत्र्यपूर्व काळातली संस्था असून तिला छत्रपती घराण्याचा आश्रय आहे. शहरातील संघांची साखळी स्पर्धा ती भरवते. साखळीखेरीज हंगामभर चषक स्पर्धा चालतात. वर उल्लेखिलेल्या तालमींबरोबर प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी असे अनेक संघ त्यात उतरतात. हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी होते आणि कोणता खेळाडू कोणत्या तालमीकडून कोणत्या तालमीकडे गेला, याची चर्चा चहाच्या टपरीवर लग्न जुळवण्याच्या चर्चेइतक्याच तपशिलाने होते. खेळाडूंना मानधन मिळते, पण तेवढ्यावर घर चालत नाही. कोणी नोकरी करतो, कोणी दुकान सांभाळतो, कोणी अजून महाविद्यालयात शिकत असतो. पैसा उभा राहतो तो देणगीदारांकडून, पेठेतील व्यापाऱ्यांकडून, पुढाऱ्यांकडून आणि काही अंशी वर्गणीतून. क्रीडाव्यवस्थेच्या परिभाषेत याला अर्धव्यावसायिक म्हणतात.

‘अर्धव्यावसायिक’ हा शब्द आम्हाला खटकतो. जणू काही गाडी व्यावसायिक नावाच्या स्थानकाकडे निघाली होती आणि वाटेतच बंद पडली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना या शब्दातला फसवा भाग चटकन कळावा, कारण आपल्या नाट्यव्यवहारात हौशी आणि व्यावसायिक ही विभागणी जुनी आहे. महाराष्ट्र राज्याची हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरू आहे. दिवसा कचेरीत किंवा शाळेत काम करून रात्री तालीम करणाऱ्या माणसांनी तेथे जी नाटके उभी केली, त्यांना अर्धी नाटके म्हणण्याचे धाडस कोणी समीक्षक करणार नाही. पोट एका कामावर आणि जीव दुसऱ्या कामावर, अशी ही रीत आहे. ती कमी प्रतीची नाही. वेगळ्या जातीची आहे. तिचे गुण वेगळे आणि तिचे रोगही वेगळे. कोल्हापूरचा फुटबॉल याच जातीचा आहे, आणि त्याचे मोजमाप करताना मुंबईच्या किंवा मँचेस्टरच्या फुटपट्ट्या वापरल्या की चूक होते.

आता मालकीच्या प्रश्नाकडे येऊ. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत भारतातील कोणते फुटबॉल संघ नाहीसे झाले, याची उजळणी बोधप्रद आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय साखळीचा विजेता होता. २०१० साली मालक कंपनीने तो बंद केला. फगवाड्याच्या जेसीटी या गिरणीचा संघ १९९६-९७ सालच्या पहिल्याच राष्ट्रीय साखळीचा विजेता. तो २०११ साली बंद झाला. पुण्यात २००७ साली सुरू झालेला पुणे एफसी २०१५ नंतर उरला नाही. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ साली आला आणि २०१९ साली गेला. त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. यातील कोणताही संघ खेळ येत नव्हता म्हणून संपला नाही. कोणाच्या तरी ताळेबंदात तो बसेनासा झाला, एवढेच. त्यांना निष्ठावंत पाठीराखे नव्हते असेही नाही. पण त्यांना विचारण्याचे कोणाला कारण नव्हते. बातमी वर्तमानपत्रात वाचणे एवढाच त्यांचा अधिकार होता.

२०२५ च्या जुलै महिन्यात तर संपूर्ण इंडियन सुपर लीगच स्थगित झाल्याचे आयोजकांनी जाहीर केले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि स्पर्धेचे व्यापारी हक्क असलेली कंपनी यांच्यातील करार संपत आला होता आणि पुढचा करार ठरत नव्हता. काही संघांनी कामकाज थांबवले आणि खेळाडूंच्या वेतनाचा प्रश्न उभा राहिला. देशातील सर्वांत श्रीमंत स्पर्धा एका कागदाच्या मुदतीवर अवलंबून होती, हे त्या निमित्ताने सर्वांना दिसले.

या पार्श्वभूमीवर पाटाकडील किंवा खंडोबा तालीम कोणी बंद करू म्हणेल, तर ते कसे करील? विकायची तर कोणाला विकणार, आणि सही कोणाची घेणार? ती पेठेची आहे. म्हणजे कोणा एकाची नाही, म्हणून कोणा एकाला ती मोडता येत नाही. चांगला देणगीदार गेला की संघ दुबळा होतो, चार हंगाम हरतो, खालच्या गटात जातो; पण पाचव्या हंगामात पुन्हा उभा राहतो, कारण दरम्यानच्या काळात पेठ कुठे गेलेली नसते. ग्रंथालयांच्या बाबतीत आपण हेच पाहिले आहे. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली सुरू झाले. त्यानंतर किती छापखाने, किती प्रकाशनसंस्था आणि किती नियतकालिके आली आणि गेली! सभासदांची संस्था मात्र राहिली. ती फार वेगाने वाढत नाही, पण सहजासहजी मरतही नाही.

हा केवळ आपल्या पेठांचा भाबडा अभिमान नव्हे. फुटबॉलचे माहेर समजल्या जाणाऱ्या इंग्लंडचा इतिहास याच दिशेने बोट दाखवतो. मँचेस्टर युनायटेडची सुरुवात १८७८ साली न्यूटन हीथ येथील रेल्वे कामगारांनी केली. आर्सेनल १८८६ साली वुलिच येथील शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यातील कामगारांनी काढला. वेस्ट हॅमचा पूर्वज १८९५ साली एका जहाजबांधणीच्या कारखान्यात जन्मला. कारखाने यथावकाश गेले, पण संघ गावाचे आणि वस्तीचे झाले होते म्हणून तगले. पुढे त्यांच्या मालकीचा बाजार झाला, तेव्हा पाठीराख्यांनी निराळीच वाट धरली. लंडनच्या विम्बल्डन संघाला दूरच्या मिल्टन कीन्स या शहरात हलवण्याची परवानगी २००२ साली मिळाली. पाठीराख्यांनी नवा संघ काढला, खेळाडू निवडण्यासाठी मोकळ्या माळावर चाचण्या घेतल्या आणि अगदी खालच्या अर्धव्यावसायिक साखळीतून सुरुवात करून २०११ साली इंग्लंडच्या मुख्य साखळीत प्रवेश मिळवला. २००५ साली मँचेस्टर युनायटेड एका अमेरिकी कुटुंबाच्या हाती गेल्यावर नाराज पाठीराख्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांचा संघ उभारला. तोही अर्धव्यावसायिकच. जर्मनीत १९९८ पासून असा दंडक आहे की संघाची कंपनी झाली तरी मताधिकाराचे बहुमत, काही थोडे अपवाद सोडता, सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहावे. अर्थात युरोपातील माणसे भांडून, कायदे करून जे परत मिळवू पाहत आहेत, ते कोल्हापूरच्या पेठांना वारशातच मिळालेले आहे.

येथवर वाचून कोल्हापूरचे आमचे मित्र सुखावतील. पण चित्र एवढेच असते तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. जी गोष्ट कोणा एकाची नसते, तिची जबाबदारीही कोणा एकाची नसते, ही याच नाण्याची दुसरी बाजू आहे.

शाहू स्टेडियमवरील हुल्लडबाजी हा आता नावीन्याचा विषय राहिलेला नाही. समर्थकांची हाणामारी, दगड-बाटल्यांची फेक, मैदानात घुसणे, त्यामुळे थांबवावे लागलेले सामने आणि पोलिसांचा बंदोबस्त, हे वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर वारंवार येत राहिले आहे. अशा घटनेनंतर तालमीचे पदाधिकारी म्हणतात, ती आमची माणसे नव्हती. विजयाच्या मिरवणुकीत मात्र हीच माणसे आमची असतात. ‘आमची’ या सर्वनामाचा हा सोयीस्कर वापर व्याकरणात बसतो, नीतीत बसत नाही. पेठ ही जर मालक असेल, तर दंडही पेठेनेच भरला पाहिजे आणि शरमही पेठेलाच वाटली पाहिजे.

दुसरा प्रश्न पेठेत कोण मोडते हा. तालीम ही परंपरेने पुरुषांची जागा. कोल्हापुरात मुली फुटबॉल खेळतात, महिलांच्या स्पर्धाही होतात. परंतु तालमीच्या कट्ट्यावर, जेथे संघाचे खरे निर्णय होतात, तेथे बाई बसलेली आम्ही पाहिलेली नाही. पेठेची लोकसंख्या मोजताना त्या असतात आणि पेठेचा आवाज मोजताना नसतात. तीच गोष्ट भाडेकरूंची, परप्रांतातून आलेल्या कामगारांची. तीन पिढ्या राहिल्याशिवाय पेठेचे होता येत नाही असे कोणी स्पष्ट म्हणत नाही. पण तसे वागले जाते.

या संदर्भात परदेशी खेळाडूंचा विचार करण्यासारखा आहे. गेल्या काही वर्षांपासून नायजेरिया आणि अन्य आफ्रिकी देशांतील खेळाडू कोल्हापुरातील संघांकडून खेळत आले आहेत. त्यांनी गोल केला की सारी पेठ त्यांना खांद्यावर घेते. हंगाम संपल्यावर त्यांच्या खोलीचे भाडे, त्यांचे आजारपण, त्यांचा एकटेपणा यांची चौकशी किती जण करतात? केरळातील मलप्पुरमच्या सात खेळाडूंच्या फुटबॉलमध्येही असेच आफ्रिकी खेळाडू येतात. त्यांच्यातील एका जायबंदी खेळाडूची आणि त्याला घरी ठेवून घेणाऱ्या मुस्लिम कुटुंबाची गोष्ट ‘सुदानी फ्रॉम नायजेरिया’ या २०१८ सालच्या मल्याळी चित्रपटाने सांगितली. आपल्याकडे असे कुटुंब नसेलच असे आम्ही म्हणणार नाही. नक्कीच असेल. पण त्याची गोष्ट मराठीत आलेली नाही.

तिसरा प्रश्न राजकारणाचा. चषकांना पुढाऱ्यांची नावे असतात, फलकांवर खेळाडूंपेक्षा त्यांचे चेहरे मोठे असतात. मालक नसलेल्या संस्थेला कोणीही काही काळ मालकासारखे वापरू शकतो, हा धोका येथे उघड आहे. आणि चौथा प्रश्न खेळाडूचा. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. निखिल कदम मोहन बागानसारख्या संघापर्यंत पोहोचला. शहराला त्यांचा रास्त अभिमान आहे. पण ज्याला फुटबॉलवरच जगायचे आहे त्याला कधी ना कधी गाव सोडावे लागते. तालीम जीव लावते, पोट भरू शकत नाही. आखाड्याच्या मातीतून उठलेल्या पहिलवानाचे उतारवयात काय होते, हे कोल्हापुराला ठाऊक आहे. तेच प्राक्तन फुटबॉलपटूच्या वाट्याला येऊ द्यायचे का?

या चारही प्रश्नांवर एक उपाय नेहमी सुचवला जातो. उद्योगपती आणा, कंपन्यांना संघ विकत घेऊ द्या, शिस्त आपोआप येईल. शिस्त येईलही. पण महिंद्रा आणि जेसीटी यांना शिस्त कमी नव्हती. आमचे मत असे की तालमींनी मालक शोधू नये. आपण मालक आहोत हे गंभीरपणे घ्यावे. पेठेतील कोणाही प्रौढ व्यक्तीला, स्त्री असो वा पुरुष, मूळची असो वा भाडेकरू, अल्प वर्गणी भरून सभासद होता यावे. वर्षाचा जमाखर्च तालमीच्या दारावर लावला जावा. खेळाडूशी लेखी करार असावा आणि दुखापतीचा खर्च कोण करणार हे त्यात नमूद असावे. हुल्लड झाली तर कारवाई सभासदांच्या सभेत ठरावी. यात क्रांतिकारक असे काहीच नाही. तालुक्याच्या गावातील वाचनालय वर्षानुवर्षे हेच करत आले आहे. प्रेमाला घटना लागत नाही हे खरे; पण जबाबदारीला लागते.

आता थोडे आमच्या गावाविषयी. सोलापुरात फुटबॉल खेळलाच जात नाही असे नाही. खेळणारी मुले आहेत, त्यांच्यासाठी झटणारी माणसेही आहेत. पण फुटबॉलसाठी पेठ रस्त्यावर येत नाही. आम्ही पाहुण्यांना पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले हे सांगतो आणि पार्कच्या मैदानावरील रणजी सामन्यांच्या आठवणी सांगतो. हे गाव गिरण्यांचे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे कामगार एका भोंग्यावर उठत आणि एका पाळीला जात. ज्या मातीतून इंग्लंडात संघ उगवले ती माती, म्हणजे कारखाना आणि त्याभोवतीची दाट वस्ती, सोलापुराकडेही होती. गिरण्या बंद पडल्या आणि ज्या ठिकाणी या चार भाषा रोज एकमेकींना भेटत ते ठिकाणच नाहीसे झाले. मागे उरली ती पेठेपेठेतील मंडळे. त्यांच्या अंगात शक्ती किती आहे हे पाहायचे असेल, तर गणेशोत्सवाच्या आधी सोलापुरात एखाद्या संध्याकाळी लेझमाचा सराव पाहावा. शेकडो पोरे एका ठेक्यावर पावले टाकत असतात. ही शिस्त त्यांना कोणी कंपनीने शिकवलेली नाही. पण मिरवणूक संपली की लेझीम खोलीत जाते आणि पुढील उत्सवापर्यंत त्या शिस्तीला काही काम उरत नाही. कोल्हापूरच्या मंडळांनी हंगामभर पुरेल असे काम शोधले, हा आमच्या मते दोन शहरांतील खरा फरक आहे. शिवाय खेळातला प्रतिस्पर्धी पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटायचा असतो, त्याच्याशिवाय सामना होत नाही. मिरवणुकीत दुसरे मंडळ नसले तरी चालते. शेजारच्या पेठेची गरज भासणे, हे शहराच्या दृष्टीने लहान शिक्षण नव्हे.

अखेरीस आपल्या क्षेत्राकडे वळू. ग्रामीण कथेत कुस्तीचा फड आला. क्रिकेटवर मराठीत विपुल आणि चांगले ललित लेखन झाले. फुटबॉलच्या वाट्याला मात्र जवळजवळ मौन आले. बंगालीत मोती नंदी यांनी ‘स्ट्रायकर’ आणि ‘स्टॉपर’ या कादंबऱ्या लिहिल्या. मैदान, गरिबी आणि उतरते वय यांचा मेळ त्यांनी कादंबरीच्या रूपात घातला. आमच्याच जिल्ह्यातील, करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०२२ साली ‘झुंड’ हा फुटबॉलवरील चित्रपट केला. तो नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांचा आणि त्यांच्या हाती चेंडू देणाऱ्या विजय बारसे यांच्या कामाचा. मराठीत कविता लिहिणाऱ्या या दिग्दर्शकाला महाराष्ट्रातील फुटबॉलची गोष्ट सांगण्यासाठी हिंदीचा पडदा घ्यावा लागला, याची खंत त्यांनी करायची नसून आपण करायची आहे. तो विषय मराठी साहित्यात आधीच रुळलेला असता तर गोष्ट निराळी झाली असती.

कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास आज मुख्यतः दोन ठिकाणी आहे, स्थानिक वर्तमानपत्रांच्या पानांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी. पहिला जीर्ण होतो आहे आणि दुसरा दरवर्षी थोडा थोडा स्मशानात जातो आहे. कोणत्या तालमीने कोणाला कधी हरवले हे नोंदवहीत सापडेल. पण गिरणीतली किंवा गॅरेजमधली पाळी संपवून अनवाणी सरावाला जाणारी पिढी काय बोलत होती, कोणती गाणी म्हणत होती, चेंडूला, पासला, चुकलेल्या गोलला कोणते शब्द वापरत होती, हे कोठेही सापडणार नाही. हा भाषेचा आणि मौखिक परंपरेचा विषय आहे. म्हणजे आपला विषय आहे. आमच्या विभागांतून दरवर्षी त्याच चार कादंबरीकारांवर लघुप्रबंध लिहिले जातात, आणि मार्गदर्शक म्हणून त्याचा दोष आमच्याकडेही येतो. एखाद्या विद्यार्थ्याने एका तालमीच्या कट्ट्यावर सहा महिने बसून जे ऐकले ते नीट लिहून काढले, तर ते संशोधन नव्हे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

लिहून काढण्याचा आणि मालकीचा संबंध आहे, म्हणून हे येथे सांगितले. ज्याची नोंद नाही त्यावर कोणीही हक्क सांगतो. उद्या एखादी कंपनी येईल, तालमीचे नाव, रंग आणि घोषणा विकत घेईल आणि स्वतःचा इतिहास नव्याने छापील. तेव्हा पेठेच्या हाती काय असेल? सभासदांची यादी, जमाखर्चाची वही आणि आपल्या माणसांच्या आठवणींचे चार खंड एवढे असले, तरी ती ताठ मानेने उत्तर देऊ शकेल.

स्टेडियमवरील त्या गृहस्थांचा प्रश्न आम्ही अधूनमधून वर्गात विचारतो. तुमची टीम कुठली? मुले बार्सिलोनाचे नाव घेतात, मँचेस्टरचे घेतात, चेन्नईच्या क्रिकेट संघाचे घेतात. आम्ही विचारतो, त्या संघात तुमचे मत कोण घेतो? मुले हसतात. काही वर्षांपूर्वी कोल्हापूरहून आलेली एक विद्यार्थिनी मात्र हसली नाही. तिने आपल्या तालमीचे नाव सांगितले आणि क्षणभर थांबून म्हणाली, “मत माझंही कोणी घेत नाही, सर. पण ती हरली की आमच्या घरात रात्री कोणी नीट जेवत नाही.” तालमींनी पहिले काम कोणते करावे, असे आम्हाला कोणी विचारले, तर या मुलीला सभासद करून घ्यावे, एवढेच आम्ही सांगू.